चिपची पाबंदी आणि कारागिराची रोजी

नगर-पुणे रस्त्यावर वाडेगव्हाणपासून आत वळले की राळेगणसिद्धी लागते. पाणलोटाच्या कामामुळे हे गाव देशभर माहीत झाले. तेथे आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली, तिच्यातील अगदी सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक राळेगणमध्ये उभा राहिला. त्याची क्षमता दोन मेगावॅट आहे. उन्हावर वीज तयार होते आणि ती शेतीपंपांना दिवसा मिळते. ऊन गावचे, जमीन गावची, विहिरीचे पाणीही गावचे. परंतु सौर पॅनेलच्या काचेखाली जो पदार्थ बसवलेला असतो, तो सिलिकॉन मात्र गावचा नाही. तो ज्या देशांच्या हातात आहे, ते देश आज एकमेकांची दुकाने बंद करायला निघाले आहेत.

याच सिलिकॉनपासून चिप बनते. मोबाईलमध्ये चिप, मोटारीत चिप, दुकानातल्या वजनकाट्यात चिप, पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणाऱ्या डबीतही चिप. आपल्या धंद्यात तर कधी शिरली ते कळलेच नाही. कॉम्प्युटरवर चालणारे भरतकामाचे मशीन, इलेक्ट्रॉनिक जकार्ड, रॅपियर माग, यांपैकी एकही यंत्र चिपशिवाय हलत नाही.

आमच्या ओळखीच्या एका कारागिराची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०२२ साली ईदच्या तोंडावर त्याच्या भरतकामाच्या मशीनचा बोर्ड जळाला. बोर्डावरील एक बारीक चिप गेली होती. मेकॅनिकने सांगितले, माल बाहेरून येतो, चार-पाच महिने लागतील. शेवटी दुसऱ्या शहरातून जुना बोर्ड तिप्पट भावाने आणावा लागला. तोपर्यंत हंगाम निघून गेला होता. दोन कारागीर घरी बसले आणि घेतलेल्या ऑर्डरी परत कराव्या लागल्या. त्या बिचाऱ्याने कोणत्या देशाचे काय बिघडवले होते? काहीच नाही. तरी दूरच्या भांडणाचा दंड त्याने भरला. हे भांडण काय आहे, ते समजून घेणे म्हणूनच आपल्या कामाचे आहे.

चिप कशी बनते?

हा विषय इंजिनिअरांचा म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. ज्याने ठशाची छपाई पाहिली आहे त्याला चिप समजायला वेळ लागत नाही. चादर छापताना पहिला ठसा रेघेचा, मग एकेका रंगाचा ठसा त्यावर बसवायचा. प्रत्येक ठसा अगदी जागेवर बसला पाहिजे. सुताभर सरकला की नक्षी बिघडली आणि थान दुय्यम मालात गेले. चिपचेही असेच आहे. येथे कापडाऐवजी सिलिकॉनची गोल, आरशासारखी चकचकीत चकती असते. तिला वेफर म्हणतात. ठसा लाकडाचा नसून प्रकाशाचा असतो. चकतीवर प्रकाशाने फरक पडणारे रसायन लावायचे, नक्षीतून प्रकाश टाकायचा, नको तो भाग ॲसिडने किंवा वायूने खरवडून काढायचा, मग पुढचा थर. असे थरावर थर बसवत एक आधुनिक चकती पूर्ण व्हायला सुमारे तीन महिने लागतात. एका चकतीतून शेकडो चिप्स कापून निघतात.

फरक आहे तो बारकाईचा. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. चिपवरील नक्षी काही नॅनोमीटरच्या हिशेबात चालते. १९७१ साली इंटेल कंपनीने पहिला प्रोसेसर बाजारात आणला, त्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. आज मोबाईलमधील एका चिपमध्ये ते अब्जांनी असतात. धुळीचा एक कण पडला तरी माल वाया जातो. म्हणून असा कारखाना उभारायला हजारो कोटी रुपये, अखंड वीज, अतिशय शुद्ध पाणी आणि वर्षानुवर्षे हात बसलेली माणसे लागतात.

एका दुकानात सगळा माल नाही

आता व्यापाराच्या दृष्टीने पाहू. सूत एका गावचे, रंग दुसऱ्या गावचा, माग तिसऱ्याचा आणि पेढी चौथ्याची, अशी कापडाची साखळी असते. चिपची साखळीही तशीच आहे, पण एक मोठा फरक आहे. कापडात एका व्यापाऱ्याने सूत दिले नाही तर दुसऱ्याकडे जाता येते. चिपच्या साखळीत काही कड्या अशा आहेत की तेथे दुसरा दुकानदारच नाही.

सर्वांत बारीक नक्षी छापणारे यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. त्या एका यंत्राची किंमत १५ कोटी डॉलरहून अधिक. त्यातील आरसे जर्मनीच्या झाइस कंपनीचे असतात. प्रकाशाने फरक पडणाऱ्या रसायनात जपानचा वरचष्मा आहे. चिपचे आराखडे काढण्याची सॉफ्टवेअर मुख्यतः अमेरिकन कंपन्यांची. आणि प्रत्यक्ष छपाई? सर्वांत प्रगत चिप्सपैकी सुमारे ९० टक्के तैवानमध्ये बनतात. तेथील टीएसएमसी ही कंपनी मॉरिस चांग यांनी १९८७ साली काढली. तिचे तत्त्व आपल्या जॉब वर्कसारखे आहे: डिझाइन गिऱ्हाइकाचे, मजुरीने छपाई आमची.

अशा साखळीत एकुलती कडी ज्याच्या हातात, तो सर्वांना मोहताज करू शकतो. आजचे सारे राजकारण या एका वाक्यात आहे.

पाबंदी नवी नाही, कापडापासूनच सुरू झाली

वाचकांना आश्चर्य वाटेल, पण हुनर आणि यंत्र परदेशी जाऊ द्यायचे नाही, ही युक्ती आपल्या धंद्यातलीच आहे. इंग्लंडमध्ये सूतगिरण्यांची नवी यंत्रे निघाली तेव्हा तेथील पार्लमेंटने १७७४ साली कायदा करून कापसाच्या धंद्यातील अवजारे व यंत्रे बाहेर पाठवण्यास मनाई केली. कुशल कारागिरांनी देश सोडून जाण्यासही बंदी होती. जगाने कापड विकत घ्यावे, माग मात्र आमच्याकडेच राहावा, असा हिशेब होता.

झाले काय? सॅम्युअल स्लेटर नावाचा एक तरुण कारागीर १७८९ साली गुपचूप अमेरिकेला गेला. कागद नाही, नकाशा नाही. यंत्राची रचना डोक्यात साठवून नेली. पुढच्याच वर्षी पॉटकेट गावी त्याने सूतकताईची यंत्रे सुरू केली. आज यंत्रे बाहेर जाऊ नयेत म्हणून पहारा देणारी अमेरिका, तिच्या कापडधंद्याचा पाया असा दुसऱ्याची पाबंदी मोडून घातला गेला. इंग्लंडने कारागिरांवरील बंदी १८२४ साली आणि यंत्रांवरील बंदी १८४३ साली उठवली. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८५४ साली, कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली. यंत्रे विलायतेहूनच आली.

या इतिहासातून दोन गोष्टी दिसतात. पाबंदीने हुनर कायमचे कोंडता येत नाही. पण ते बरीच वर्षे अडवून धरता येते, आणि तेवढ्या वर्षांत अडवणारा पुढे निघून जातो व अडवलेल्याचे घर रिकामे होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पाबंदीबद्दल बोलताना लोक यांतील एकच सांगतात.

पुण्याची कहाणी

आपल्या महाराष्ट्रात याचा सर्वांत चांगला दाखला पुण्यात आहे. १९८० च्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. हवामानाचा अंदाज, शास्त्रीय संशोधन अशा कामांत कोट्यवधी आकडेमोडी झटपट कराव्या लागतात. असे यंत्र तेव्हा अमेरिकेची क्रे कंपनी बनवी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मोठे यंत्र मागण्यात आले. अमेरिकेला शंका आली की हे यंत्र अणुबॉम्ब आणि क्षेपणास्त्रांच्या कामाला लावतील. तिने ते दिले नाही. हवामानाच्या कामासाठी दिल्लीला लहान यंत्र देऊ केले, तेही वापरावर अटी व देखरेख ठेवून.

पंतप्रधान राजीव गांधी यांच्या सरकारने मग ठरवले की यंत्र आपणच बनवायचे. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. प्रमुख होते डॉ. विजय भटकर. पुणे विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडीत काम सुरू झाले. मुदत तीन वर्षांची. १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. ज्याला दुकानातून हाकलले त्याने तीन वर्षांत आपले दुकान मांडले. त्यातील काही यंत्रे पुढे परदेशातही गेली.

या कामाची युक्ती आपल्या कारागिराला लगेच पटेल. एक अवाढव्य, महाग यंत्र बनवण्याऐवजी अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडायचे आणि काम वाटून द्यायचे. एका मोठ्या गिरणीऐवजी मोहल्ल्यातील मागांना काम वाटून एकच ऑर्डर वेळेवर पुरी करावी, तसेच हे झाले. अवघड होते ते वाटप. कोणाला किती काम, कोणाचे कोणाकडे जायचे, कोणी कोणासाठी थांबायचे, ही व्यवस्था पुण्याच्या मंडळींनी बसवली. ते हुनर त्यांचे होते.

मात्र येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण कौतुकाच्या भरात ती सांगायची राहून जाते. परम ८००० मध्ये जे लहान प्रोसेसर जोडले होते ते आपले नव्हते. ट्रान्सप्युटर नावाच्या त्या चिप्स इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या होत्या. माग आपण जोडले, विणकर आपले, नक्षी आपली. सूत मात्र विलायतेचे. १९९८ साली परम १०००० आला, त्यातील प्रोसेसर अमेरिकेच्या सन कंपनीचे होते. त्याच वर्षी मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने भारतावर निर्बंध लादले. नोव्हेंबरात सुमारे २०० भारतीय संस्था व कंपन्यांची नावे काळ्या यादीत घातली गेली. बहुतेक निर्बंध २००१ च्या सप्टेंबरात उठले.

याच सी-डॅकने जिस्ट नावाचे तंत्र वाढवले. त्यामुळे देवनागरी व इतर भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर सोप्या झाल्या आणि पुढे उर्दूच्या नस्तालीक लिपीचेही काम झाले. क्रेचे यंत्र सहज मिळाले असते तर पुण्यात ही माणसे एकत्र आली असती का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. तरीही पाबंदी आली म्हणून आपले भले झाले, असे म्हणणे बरोबर नाही. पुण्यात भले झाले ते पैसा, माणसे आणि मुदत तिन्ही एकत्र आली म्हणून.

मोहालीचे उदाहरण पाहा. चिप प्रत्यक्ष छापण्याचा सरकारी कारखाना पंजाबात मोहालीला १९८० च्या दशकातच सुरू झाला होता. तेव्हा जग आपल्यापेक्षा फार पुढे नव्हते. ७ फेब्रुवारी १९८९ रोजी तेथे मोठी आग लागली आणि कारखाना जळाला. तो पुन्हा उभा राहायला अनेक वर्षे गेली. तेवढ्यात तैवान आणि कोरिया कितीतरी पुढे निघून गेले. ज्या धंद्यात दर दोन वर्षांनी माल जुना होतो तेथे आठ-दहा वर्षांची सुटी परवडत नाही.

अमेरिका आणि चीनचा झगडा

आता आजच्या भांडणाकडे येऊ. चीनची हुआवेई कंपनी मोबाईल व टेलिफोनच्या यंत्रणेत जगात पुढे गेली होती. मे २०१९ मध्ये अमेरिकेने तिचे नाव काळ्या यादीत घातले. मे २०२० मध्ये आणखी कडक नियम आला: माल कोणत्याही देशात बनो, त्यात अमेरिकन यंत्र किंवा सॉफ्टवेअर वापरले असेल तर हुआवेईसाठी तो परवानगीशिवाय बनवायचा नाही. तैवानची टीएसएमसी अमेरिकन नाही, तरी १५ सप्टेंबर २०२० पासून तिला हुआवेईचा पुरवठा थांबवावा लागला. एकुलत्या कडीची ताकद ती हीच. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेने प्रगत चिप्स आणि त्या बनवण्याची यंत्रे साऱ्या चीनलाच बंद केली. नेदरलँड्सच्या त्या सर्वांत बारीक छपाईच्या यंत्राला तर चीनसाठी २०१९ पासूनच परवाना मिळालेला नाही.

परिणाम दुहेरी झाला. हुआवेईचा मोबाईल धंदा कोसळला. पण ऑगस्ट २०२३ मध्ये तिने नवा फोन बाजारात आणला. त्यातील चिप चीनच्याच कारखान्यात, जुन्या प्रकारच्या यंत्रांवर बनलेली होती. तज्ज्ञांना आश्चर्य वाटले. अर्थात जुन्या यंत्रावर बारीक काम काढायचे म्हणजे खर्च जास्त आणि खराब माल जास्त, हे कोणीही कारागीर सांगेल.

चीननेही आपल्या हातातील कड्या आवळल्या. चिपसाठी लागणारे गॅलियम आणि जर्मेनियम हे धातू मुख्यतः चीनमधून येतात. ऑगस्ट २०२३ पासून त्यांच्या निर्यातीला परवाना लावला गेला. एप्रिल २०२५ मध्ये दुर्मिळ मृदा धातू व त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांवरही परवाना आला. पाबंदीचा दुसरा उपयोग सौदेबाजीचा. अमेरिकेने एनव्हिडिया कंपनीच्या एका चिपची चीनला होणारी विक्री एप्रिल २०२५ मध्ये रोखली, आणि ऑगस्टमध्ये विक्रीतील १५ टक्के वाटा सरकारला देण्याच्या बोलीवर परवानगी देऊ केली. देशाच्या सुरक्षिततेसाठी लावलेले कुलूप वाटा ठरताच उघडते, हे पाहिल्यावर व्यापाऱ्याने काय समजायचे ते समजावे.

मित्रही सुटत नाहीत. जुलै २०१९ मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या तीन रसायनांवर अटी घातल्या. कोरियाचे चिपचे कारखाने या रसायनांवर चालतात. कोरियाने धावपळ करून आपल्याकडे उत्पादन वाढवले, इतर पुरवठादार शोधले. मार्च २०२३ मध्ये जपानने अटी मागे घेतल्या, पण तोपर्यंत जपानी ॲसिड उत्पादकांची कोरियातील विक्री घसरली होती. दुकान बंद करणाऱ्याचे गिऱ्हाईकही तुटते. हा नियम चौकातल्या दुकानाला आणि देशाला सारखाच लागू आहे.

आता परमच्या सुताकडे पुन्हा येऊ. इनमॉसचा कारखाना वेल्समधील न्यूपोर्ट गावी होता. तो पुढे अनेक हातांत फिरला. २०२१ साली तो नेक्सपेरिया कंपनीने घेतला. नेक्सपेरिया नेदरलँड्सची असली तरी तिची मालकी चिनी. ब्रिटिश सरकारने सुरक्षिततेचे कारण देऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये कारखाना विकायला लावला आणि तो अमेरिकन कंपनीकडे गेला. २०२५ च्या सप्टेंबरअखेर नेदरलँड्स सरकारने खुद्द नेक्सपेरियावर ताबा बसवला. चीनने लगेच तिच्या चीनमधील कारखान्यातून निघणाऱ्या मालाची निर्यात रोखली. ही कंपनी काही भारी चिप्स बनवत नाही. काही पैशांपासून काही रुपयांपर्यंतचा साधा माल. पण त्यावाचून मोटारी अडल्या आणि काही कारखाने थांबवावे लागले. नोव्हेंबरात नेदरलँड्सने आपला आदेश स्थगित केला. धंदा अडायला महागडी वस्तू लागत नाही. दोन रुपयांची सुईही पुरते.

आपल्यापर्यंत झळ कशी आली?

सुरुवातीला सांगितलेल्या भरतकामाच्या बोर्डाचे कोडे येथे उलगडते. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. घरी बसलेल्या लोकांनी मोबाईल व कॉम्प्युटर घेतले, कारखाने तिकडे वळले. त्याच वेळी पाबंदी येणार म्हणून हुआवेईने माल साठवायला सुरुवात केली. चीनच्या कारखान्यावर निर्बंध आले तेव्हा गिऱ्हाइके दुसरीकडे धावली. साठेबाजीची बातमी लागली की सगळेच साठवतात, हे आपण सुताच्या बाजारात अनेकदा पाहिले आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला, आणि चिपच्या छपाईला लागणारा निऑन वायू मोठ्या प्रमाणावर युक्रेनमधूनच येत असे. आपल्या मशीनला लागणारी चिप जुन्या पद्धतीची, कमी नफ्याची. तिच्यासाठी नवा कारखाना काढायला कोणी तयार नव्हते. मोठ्या गिऱ्हाइकाचा माल आधी निघाला, लहान कारागीर रांगेत शेवटी राहिला.

मोठेही सुटले नाहीत. चाकण आणि नाशिकला कारखाने असलेल्या महिंद्र कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये चिपअभावी सुमारे सात दिवस उत्पादन बंद राहील असे जाहीर केले. २०२५ मध्ये चीनच्या चुंबकांवाचून पुण्याच्या बजाज ऑटोला इलेक्ट्रिक स्कूटरचे उत्पादन कमी करावे लागले. मोठा कारखाना आठवडाभर थांबला की त्याला सुटे भाग देणारा वर्कशॉपवाला महिनाभर थांबतो, आणि त्याच्याकडचा हेल्पर उधारीवर किराणा भरतो. हे नुकसान कोणत्याही अहवालात येत नाही.

राळेगणच्या पॅनेलचेही तसेच. सौर पॅनेलच्या साखळीतील प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक असल्याचे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये सांगितले. त्यातील बराच सिलिकॉन शिनजियांग प्रांतातून येई. तेथे उइघुर मुसलमानांकडून सक्तीची मजुरी करून घेतली जाते, या कारणावरून अमेरिकेने २०२१ साली कायदा केला आणि जून २०२२ पासून त्या प्रांतातील माल रोखला. चीन हा आरोप नाकारतो. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी असे शिकलेल्या माणसाला सक्तीच्या मालाचा भाव स्वस्त असला तरी तो खटकलाच पाहिजे. भारताने एप्रिल २०२२ पासून बाहेरच्या पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के आयात जकात लावली, म्हणजे येथील कारखाने उभे राहावेत. पॅनेल येथे बनू लागली आहेत. त्यामागचा मूळ सिलिकॉन मात्र अजून मुख्यतः बाहेरूनच येतो.

चिपचे कारखानेही येऊ घातले आहेत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. २०२२ साली वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावला येणार अशी चर्चा होती. सप्टेंबरात तो गुजरातला गेला आणि महाराष्ट्रात मोठा वाद झाला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्यातून अंग काढून घेतले. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा ९१ हजार कोटींचा कारखाना गुजरातमध्ये धोलेरा येथे मंजूर झाला. आपल्या बाजूला, राळेगणहून पुण्याकडे जाताना लागणाऱ्या रांजणगावला, ऑक्टोबर २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह मंजूर झाला. चिप छापणे वेगळे आणि चिप बसवून वस्तू बनवणे वेगळे, हा फरक लक्षात ठेवावा. पहिल्या कामाला हजारो कोटी लागतात. दुसऱ्या कामात आपल्या मुलांनाही जागा आहे.

आपण काय करावे?

देशांच्या भांडणात आपले काही चालत नाही, पण आपल्या दुकानात चालते. थोडक्यात चार गोष्टी.

पहिली: मशीन घेताना फक्त किंमत आणि वेग विचारू नका. बोर्ड कोठून येतो, सुटा भाग किती दिवसांत मिळतो, जवळच्या शहरात तो दुरुस्त करणारा आहे का, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. ज्या मशीनचा भाग एकाच माणसाकडे मिळतो ते मशीन स्वस्त असूनही महाग आहे.

दुसरी: घरातील एक तरी मुलगा किंवा मुलगी बोर्ड दुरुस्तीचे काम शिकली पाहिजे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण मिळते. मशीन चालवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, उघडणारे कमी.

तिसरी: एकाच पुरवठादाराच्या मर्जीवर राहू नका. भाव दोन रुपये जास्त पडला तरी दुसऱ्याशी थोडा व्यवहार चालू ठेवा. ते दोन रुपये नुकसान समजू नका, तो अडचणीच्या दिवसाचा बयाणा आहे.

चौथी गोष्ट राळेगणकडूनच घेण्यासारखी आहे. या गावाने धान्य बँक चालवली. ज्याच्याकडे जास्त पिकले त्याने धान्य जमा करायचे, ज्याच्यावर वेळ आली त्याने न्यायचे आणि पुढच्या पिकाला परत भरायचे. आपल्या मोहल्ल्यात एकाच प्रकारची दहा मशीने असतील तर दहा जणांनी मिळून दोन बोर्ड आणि नेहमी जाणाऱ्या चिप्स घेऊन ठेवाव्यात. ज्याचे मशीन बंद पडेल त्याने न्यावे, नवा भाग आला की परत ठेवावा. व्याजाचा प्रश्न नाही, उपकाराचाही नाही. एकट्याला दोन बोर्ड घेऊन ठेवणे जड जाते, दहांना जात नाही. असे दोन बोर्ड २०२२ साली आमच्या त्या कारागिराच्या मोहल्ल्यात असते तर त्याची ईद हातची गेली नसती.

राळेगणला पाऊस कमी पडतो. पाऊस गावाने पाडला नाही, तो बाहेरूनच येतो. गावाने एवढेच केले की आलेले पाणी अडवले आणि जिरवले. पुण्याच्या मंडळींनीही चिप बाहेरून आणली, पण हुनर येथे जिरवले, म्हणून पुढची यंत्रे बनत राहिली. चिप आपल्या शहरात छापली जाईल तेव्हा जाईल. तोपर्यंत जी चिप आपल्या मशीनमध्ये बसली आहे, तिच्याबरोबर आलेले हुनर आपल्या मोहल्ल्यात जिरले पाहिजे. नाही तर पुढच्या पाबंदीच्या वेळीही आपण मेकॅनिकच्या फोनची वाट पाहत बसू.